फ्रान्सच्या खेड्यात नदीवर गरी टाकायला कुठं बसावं? बाबांना घेऊन जातोय

पवनीचा_पोरगा

नमस्कार मंडळी. मी पवनीजवळच्या एका गावचा, घर वैनगंगेपासून चालत दहा मिनिटांवर. ताई आणि जिजाजी तुलूजला असतात, यंदा मे महिन्यात आईबाबांना घेऊन तीन आठवडे जातोय, कारण जूनमध्ये धानाचे पऱ्हे टाकायचे आणि मग रोवणा, तेव्हा बाबा गाव सोडणार नाहीत. त्यातला एक आठवडा ताईनं खेड्यात घर भाड्यानं घ्यायचं ठरवलंय, पण कुठं घ्यायचं ते अजून पक्कं नाही आणि त्यासाठीच हा प्रश्न.

बाबांचं वय ६६. शेतीच्या कामातून वेळ मिळाला की आयुष्यभर त्यांनी एकच गोष्ट केली, दांडी घ्यायची आणि नदीवर जाऊन बसायचं. जाळं नाही, डोंगा नाही, फक्त बांबूची दांडी, तंगूस, गरी आणि पाण्यावर तरंगणारं बुच म्हणून मोरपिसाचं कांड. पॅरिसचे फोटो ताईनं दाखवले तर सगळे नीट पाहिले त्यांनी, पण एका फोटोत मागं नदी होती, तिच्या काठावर एक माणूस दांडी घेऊन बसला होता, तर तो फोटो मोठा करायला लावला आणि विचारलं, हे काय लावतात गरीला. तेव्हाच मी ठरवलं की या माणसाला तिथं एकदा नदीवर बसवायचंच.

आता प्रश्न असे. परवाना लागतो असं ऐकलंय, तो पाहुण्या माणसाला मिळतो का? कोणती नदी बरी, जिथं चिखलात किंवा दगडांवरून उतरावं लागणार नाही, कारण बाबांचा उजवा गुडघा गेलाय. आमिष काय, इथून काही नेता येईल का? आणि पकडलेला मासा घरी आणून खाता येतो का, हा प्रश्न आईचा आहे, ती म्हणते नुसतं पकडून सोडायचं असेल तर एवढ्या लांब जायचं कशाला. जिजाजींना यातलं काही माहीत नाही, ते अमरावतीत शहरात वाढलेले.

तुलूजपासून गाडीनं दोन-तीन तासांत पोचता येईल असं हवं. कोणी स्वतः जाऊन बसलं असेल त्यांनी सांगा.

---

आरमोरी_ते_तुलूज

पोस्ट वाचून दोनदा उठलो खुर्चीवरून. मी आरमोरीचा, म्हणजे तुमच्याच नदीचा खालचा माणूस, आणि आठ वर्षं झाली तुलूजला. पहिली दोन वर्षं मी नदीकडं नुसतं पाहत होतो, नियम कळत नाहीत म्हणून घाबरून. तुमचा तेवढा वेळ वाया जाऊ नये म्हणून सविस्तर लिहितो.

आधी कार्ड. तिकडं प्रत्येक भागात मासेमारांची एक अधिकृत संघटना असते, तिचं सभासद झालं की गरी टाकता येते, त्यालाच कार्त द पेश म्हणतात. पाहुण्यांसाठी एक दिवसाचं असतं आणि सलग सात दिवसांचं असतं. सात दिवसांचं ३५ युरोच्या आसपास धरून चाला, एका दिवसाचं जिल्ह्याप्रमाणं कमीजास्त. ते इंटरनेटवर कार्त द पेश डॉट एफआर वरून घरी बसून निघतं, फोटो, नाव, जन्मतारीख, पत्ता, झालं. प्रिंट काढून खिशात ठेवायचं किंवा मोबाईलमध्ये. खेड्यात मासेमारीच्या सामानाच्या दुकानात, कधी तंबाखू-पेपरच्या दुकानातही काढून देतात, पण मे महिन्यात सुट्ट्या फार, १ मे आणि ८ मे दोन्ही सार्वजनिक सुट्ट्या, शिवाय अधेमधे एक धार्मिक सुट्टी येते, आणि खेड्यातलं दुकान सुट्टीला बंद म्हणजे बंद. म्हणून आधीच काढा. ताई तिथं राहते म्हटलं तर तिला सांगा, बायकांसाठी वर्षभराचं वेगळं स्वस्त कार्ड असतं, एका दांडीचं. तिनं काढून ठेवलं तर बाबा गेल्यावरही ती बसेल कधीतरी.

मग नद्यांचे दोन प्रकार समजून घ्या, इथंच सगळे गोंधळतात. पहिल्या वर्गाच्या नद्या म्हणजे डोंगरातल्या थंड, खळखळ वाहणाऱ्या, त्यात मुख्य मासा ट्राउट. तिथं साधारणपणे एकच दांडी चालते, हंगाम मार्चच्या दुसऱ्या शनिवारपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारपर्यंत, आणि माशीच्या अळ्या, ज्या तिकडं दुकानात डबीत विकत मिळतात, त्या बहुतेक ठिकाणी तिथं चालत नाहीत. दुसऱ्या वर्गाच्या नद्या म्हणजे मैदानातल्या, संथ, खोल, त्यात कार्प, ब्रीम, रोच असे मासे आणि त्यांना खाणारे पाइक, झांडर. तिथं चार दांड्यांपर्यंत लावता येतात. वर्षभर बसता येतं, पण पाइकसाठी जानेवारीच्या शेवटापासून एप्रिलच्या शेवटच्या शनिवारपर्यंत बंदी, म्हणजे तुम्ही मेमध्ये जाता तेव्हा ती उठलेली असेल. बाबांसाठी दुसरा वर्ग, यात मला काही शंका नाही.

आणि नदी म्हणाल तर लोत. सेव्हेनच्या डोंगरात निघते, जवळपास ४८५ किलोमीटर वाहून गारोन नदीला मिळते. तुलूजहून काऊर गावाला दीड तासाच्या आत पोचता. या नदीवर जुन्या काळी दारूची पिंपं घेऊन नावा चालायच्या, त्यासाठी जागोजागी दगडी बांध घातले आणि बाजूला नावा चढवा-उतरवायच्या कोठ्या बांधल्या. त्या बांधांमुळं पाणी टप्प्याटप्प्यानं अडतं आणि दोन बांधांमध्ये लांबच लांब डोह तयार होतो. तुम्ही आपल्या नदीचा उन्हाळ्यातला डोह डोळ्यांसमोर आणा, फक्त हा डोह कोरडा पडत नाही आणि दोन्ही काठांवर अक्रोडाची आणि पॉप्लरची झाडं. काठाला जुनी नावा ओढायची वाट, बऱ्याच ठिकाणी सपाट, गुडघ्याला त्रास नाही. बूझिएस गावाजवळ तर ती वाट कड्याच्या पोटात खोदून काढलीय, एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला पाणी. तिथं बसायला जागा अरुंद आहे पण आईला चालायला दाखवा. वर सँ सिर्क लापोपी, कड्यावर टांगलेलं गाव. बसायला त्याच्या खालचा काठ, काजार्क, काऊरला नदी गावाला तीन बाजूंनी वळसा घालते तो भाग, आणि खाली प्वी लेव्हेक. यातल्या कुठल्याही गावाच्या पंधरा-वीस किलोमीटरमध्ये घर घ्या.

लोतमधला कार्प युरोपभर नावाजलेला. तो कार्प म्हणजे दुसरातिसरा कोणी नाही, आपल्याकडं तळ्यात सोडतात तो सायप्रिनसच, पण नदीत वाढलेला, लांब, खांद्यात रुंद, आणि १५-२० किलोचा लागला तर दांडी हातात राहत नाही. मी पहिला पकडला तो साडेसहा किलोचा, सकाळी पावणेसातला, मक्याच्या दोन दाण्यांवर. पाण्यावर धुकं होतं. बुच एकदा हललं, थांबलं, मग तिरपं होऊन हळूच सरकत गेलं, बुडालं नाही, सरकलं. घरच्या तळ्यावर काकांनी शिकवलं होतं, सायप्रिनस आधी चाखतो, घाई करू नको. थांबलो, मग ओढलं. काकांना तिथूनच व्हिडिओ कॉल केला.

वेळेचा नियम कडक. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. मेच्या मध्याला तिकडं सूर्य सव्वानऊच्या आसपास मावळतो, म्हणजे बाबांना जेवून परत जाऊन बसता येईल, काळजी नको. रात्रीची मासेमारी फक्त कार्पची आणि फक्त ठरवून दिलेल्या पट्ट्यांत.

आणखी एक, काठावर कुठंही बसता येतं असं नाही. मोठ्या नद्या सरकारी आहेत तिथं सोपं, पण छोट्या ओढ्यांवर काठाच्या मालकाचा हक्क नदीच्या मध्यापर्यंत असतो. बोर्ड वाचा. रेझेर्व्ह द पेश लिहिलं असेल तर तिथं गरी टाकायची नाही, प्रोप्रिएते प्रिव्हे म्हणजे खासगी.

---

पुसदचा_भाऊ

आरमोरीवाल्या दादानं लय बेस सांगितलं, पण मी वेगळं सांगतो, कारण मले जे भेटलं ते संथ पाण्यात नाही भेटत.

मी दोन साल बझांसाँले होतो शिकाले. तिथून जवळ लू नावाची नदी हाय, ऑर्नां गावातून जाते. ही नदी एका कड्याच्या गुफेतून एकदम बाहेर पडते, ओढ्यासारखी बारीक नाही, भरलेली नदीच्या नदी. लोकाइले माहीतच नव्हतं का एवढं पाणी येते कुठून. मंग १९०१ मध्ये पोंतार्लिए गावात आबसँथ नावाच्या दारूच्या कारखान्याले आग लागली, टाक्या फुटू नये म्हणून दारू सोडून देल्ली, ते दू नदीत गेली, अन् दोन-तीन दिवसानं लूच्या उगमातून दारूचा वास याले लागला. तवा समजलं का दू नदीचं पाणी जमिनीखालून लूले जाऊन मिळते. मी ते गुफेचं तोंड पाह्यलं हाय, उभं राह्यलं तर थंडी वाजते मे महिन्यात बी.

तिथं ट्राउट अन् ग्रेलिंग. कृत्रिम माशी लावून, पाण्यात मांडीपर्यंत उभं राहून. एक फ्रेंच म्हातारा रोज याचा तिथं, त्यानं मले एका संध्याकाळी काही न बोलता शिकवलं. माह्या हाताले धरून दोरी कशी मागं न्याची, कशी सोडाची, कुठं थांबाचं. तीन दिवस काईच नाही लागलं. चवथ्या दिवशी एक ट्राउट, वीतभर, अंगावर लाल ठिपके, त्याईच्या भवती निळसर गोल. हातात दोन सेकंद होती, सोडून देली. ते नदी आता बिमार हाय, २०१० च्या आसपास अन् नंतर बी तिथं मासे मेले लय, म्हणून तिथले लोक एक एक मासा जपतात, बऱ्याच पट्ट्यात सोडूनच द्या लागते.

तुमच्या बाबाले गुडघा हाय म्हणता तर पाण्यात उभं राहणं जमणार नाही, हे मले समजते. अन् तुलूजहून लय लांब पडते. पण लोतले चाललेच हा तर एक दिवस वरच्या अंगाले, डोंगराकडं, एखाद्या पहिल्या वर्गाच्या ओढ्यावर त्याईले नुसतं न्या. काठावर बसून वाहत्या पाण्यात ट्राउट कशी तोंड वर करून माशी घेते ते पाहू द्या. ज्या माणसानं जिंदगीभर नदी पाह्यली त्याले ते दिसल, आपल्याले नाही दिसत ते बी दिसल.

---

वर्धेची_ताई

मी स्वतः गरी टाकत नाही पण माझे मिस्टर आणि मुलगा टाकतात, त्यामुळे काठावर बसून राहण्याचा अनुभव भरपूर आहे, आणि आईंच्या बाजूने कुणीतरी बोललं पाहिजे म्हणून लिहिते.

आम्ही मागे मायेन नदीवर आठवडाभर होतो, ती तिकडे पश्चिमेला आहे, तुलूजपासून खूप दूर, त्यामुळे तुमच्या उपयोगाची नाही पण घर निवडताना काय बघायचं ते तिथे कळलं. आमचं घर नदीपासून चारशे मीटरवर होतं, जाहिरातीत नदीकाठ म्हणून लिहिलेलं, पण मधे उतार असा की सासूबाई एकदा खाली गेल्या त्या पुन्हा गेल्या नाहीत. घर घेताना मालकाला सरळ विचारा, दारापासून पाण्यापर्यंत वाट कशी आहे, पायऱ्या किती, काठावर सावली आहे का. खेड्यातल्या भाड्याच्या घराला तिकडे झीत म्हणतात, मासेमारांसाठी म्हणून खास सोयी असलेली सुद्धा असतात, त्यात आमिष ठेवायला वेगळा फ्रिज आणि ओलं सामान ठेवायला जागा असते. अळ्यांची डबी भाजीच्या फ्रिजमध्ये नको असेल तर हे महत्त्वाचं आहे.

दुसरं, खेड्यात दुपारी बारा-साडेबारा ते अडीच-तीन दुकानं बंद. रविवारी दुपारनंतर आणि बऱ्याच ठिकाणी सोमवारी पण. तांदूळ, डाळ, तिखट, हळद, मोहरी घरून न्या, मोठ्या शहरात सगळं मिळतं पण खेड्यात नाही. मात्र मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत, म्हणजे घरचं तूप नाही, खवा नाही.

आणि लोतला गेलात तरी येता-जाता एक सकाळ कनाल द्यू मिदीवर काढा, तो तर तुलूजमधूनच जातो. १६८१ मध्ये सुरू झालेला कालवा, २४० किलोमीटर लांब, काठाने सरळ सपाट वाट आणि दोन्ही बाजूंना प्लेन नावाची मोठी झाडं. बऱ्याच ठिकाणी झाडांना रोग लागून ती कापावी लागलीत, ते बघून वाईट वाटतं, पण जिथे आहेत तिथे सावली अशी की मे काय आणि जुलै काय. बाबांना तिथे पहिल्या दिवशी बसवा. पाणी संथ, छोटे मासे पटापट लागतात, नवीन जागेचा अंदाज येतो. कार्ड त्या दिवसापासून सुरू होईल असं काढा.

एक सांगते, तिकडे काठावर कुणी जवळून गेलं की बोंजूर म्हणतातच आणि बसलेल्या माणसाला विचारतात, सा मोर? म्हणजे लागतंय का. माझ्या मुलाला हा एकच फ्रेंच प्रश्न आला आणि त्यावर आठवडाभर त्याच्या ओळखी झाल्या. बाबांना एवढं शिकवून न्या.

---

पवनीचा_पोरगा

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री जेवल्यावर बाबांना सगळं वाचून दाखवलं, लूचं दारूचं पाणी ऐकून म्हणाले, पाण्याला सगळं माहीत असते. त्या गुफेचा फोटो मागितलाय त्यांनी, पुसदच्या भाऊ, असेल तर टाका.

लोतवर काऊर आणि सँ सिर्कच्या मध्ये घर बघायला ताईला सांगितलंय. दोन गोष्टी राहिल्या. एक, खायचं काय ते कुणी स्पष्ट सांगितलं नाही. दोन, वर धरण आहे का? आमच्याकडं गोसेखुर्दची ३३ दारं, पावसाळ्यात उघडली की खाली पाणी कसं चढतं ते आम्ही रोजचं पाहतो, बाबा कुठल्याही नदीवर बसायच्या आधी पहिला प्रश्न हाच विचारतात. आणि बांबूची दांडी विमानात नेता येईल का हे पण.

---

आरमोरी_ते_तुलूज

बाबांनी बरोबर प्रश्न विचारला. लोतच्या वर, विशेष करून त्रुयेर नावाच्या तिच्या उपनदीवर, वीज बनवायची मोठी धरणं आहेत. वीज लागली की पाणी सोडतात, पाऊस नसला तरी. खालच्या भागात बांधांमुळं ते पसरून जातं, काऊरपर्यंत येताना जोर कमी होतो, पण पाणी हातभर वरखाली होणं नेहमीचं. खरी सावधगिरी शेजारच्या दॉर्दोन्य नदीला, तिच्यावर वर एकामागं एक धरणं आहेत. मी स्वतः एकदा आरझाँताच्या खाली गोट्यांच्या बेटावर बसलो होतो, ऊन स्वच्छ, ढग नाही. मागचं पाणी घोट्यापर्यंत होतं ते कधी गुडघ्यापर्यंत आलं कळलं नाही, कारण मी पुढं बघत होतो. डबा आणि एक दांडी तिथंच सोडून बाहेर आलो. काठावर पिवळा बोर्ड होता, पळणाऱ्या माणसाचं चित्र, पाणी अचानक वाढू शकतं असं लिहिलेलं. वाचला होता मी, पण ऊन होतं म्हणून मनावर घेतला नाही. लहानपणापासून वैनगंगेवर शिकलेलं तिथं विसरलो. बेटावर बसायचं नाही, पाण्याच्या कडेला एक खडा ठेवायचा आणि दर थोड्या वेळानं बघायचा, हे बाबा तुम्हाला सांगतीलच. पावसाचं पाणी किती चढलं ते विजिक्रू नावाच्या सरकारी संकेतस्थळावर दिसतं, निघायच्या आधी सकाळी बघा.

आता खायचं. आईंना सांगा, खाता येतं, पण नियमानं. पाइक ६० सेंटीमीटरपेक्षा लहान आणि झांडर ५० पेक्षा लहान ठेवायचा नाही, दुसऱ्या वर्गाच्या पाण्यात. हे शिकारी मासे दिवसाला तीन, त्यात पाइक जास्तीत जास्त दोन. काही जिल्ह्यांत याहून कडक आहे, म्हणून कार्ड काढताना त्या जिल्ह्याची माहिती वाचून घ्या. झांडर खायला फार चांगला, काटे कमी, पांढरा, आपल्या मरळीच्या जवळ जातो. कार्पचं म्हणाल तर मोठा कार्प तिकडचे लोक सोडून देतात, ६० सेंटीमीटरच्या वरचा जिवंत नेणं तर कायद्यानंच बंद आहे, कारण लोक चोरून नेऊन खासगी तळ्यांना विकायचे. तो मासा दहा-वीस वर्षांचा असतो, कुणीतरी आधी पकडून सोडलेला असतो, त्याला ओल्या गादीवर ठेवून गरी काढतात. बाबांना हे आधीच सांगा म्हणजे तिथं मन खट्टू होणार नाही.

पण बारीक मासे! आब्लेत, गुजाँ, बोटाएवढे, ते लोक पिठात घोळून कडक तळतात आणि काट्यासकट खातात, फ्रित्युर म्हणतात. आईंनी तांदळाचं पीठ, भिवापुरी तिखट आणि हळद लावून तळले तर शेजारचे वास घेत येतील. वीस-पंचवीस मासे एका सकाळी कालव्यावर किंवा लोतच्या कडेला सहज होतात. रोन नदीच्या काठी मात्र हे करू नका, तिथं पीसीबी नावाच्या रसायनामुळं २००७ पासून काही माशांवर बंदी आणावी लागली होती. परके मासे, म्हणजे सूर्यमासा आणि अमेरिकन झिंगे, लागले तर ते जिवंत परत पाण्यात सोडायचे नाहीत आणि जिवंत घेऊन पण जायचं नाही.

---

ब्रह्मपुरीकर

दांडीचं मी सांगतो. एवढी लांब बांबूची दांडी विमानात घेणं अवघड, आणि न्यायची गरज पण नाही. आणि एक महत्त्वाचं, मोरपीस नेऊ नका. मोराचं पीस भारतातून बाहेर न्यायला बंदी आहे, तुम्ही ते बुच म्हणून नेताय की शोभेला हे कस्टमवाला बघणार नाही. गऱ्या हातातल्या बॅगेत नको, मोठ्या बॅगेत टाका, कागदात टोचून.

मी त्या देशात कंपनीच्या कामानं दोनदा गेलो, रविवारी नदीवर फिरलो आणि जे पाहिलं त्याचं मला फार आश्चर्य वाटलं. तिथं पेश ओ कू म्हणून एक जुना प्रकार आहे. लांब दांडी, पाच मीटरपासून पुढं, रीळ नाही, दांडीच्या टोकालाच दोरी बांधलेली, वर बुच, खाली शिशाचे बारीक मणी आणि गरी. म्हणजे अक्षरशः बाबा करतात तेच. त्यांच्याकडं पूर्वी बोरूच्या-बांबूच्याच दांड्या होत्या, आता फायबरच्या, एकात एक जाणाऱ्या. डेकॅथलॉनमध्ये किंवा कुठल्याही मासेमारीच्या दुकानात मिळते, साधी घेतली तर फार महाग नाही, आणि परत येताना मिटून बॅगेत मावते.

त्यांची एक गोष्ट आपल्यापेक्षा वेगळी. ते आधी पाण्यात खाद्य टाकतात. पावाचा चुरा, मक्याचं पीठ, थोडी माती, ओलं करून संत्र्याएवढे गोळे, सुरुवातीला चार-पाच, मग दर पंधरा मिनिटांनी लिंबाएवढा एक, बरोबर बुचाच्या जागी. गोळा तळाशी जाऊन हळूहळू फुटला पाहिजे, वरच विरघळला तर मासा जागा सोडून वाहत जातो. एका माणसाला मी तास दीड तास बघत होतो, तो गोळा हातात दाबायचा, एकदा, दोनदा, मग कानाजवळ नेल्यासारखा करून बोटानं टोकरायचा, फुटतो का ते. आमचे आजोबा कणकेचा गोळा असाच दाबून बघायचे, जास्त मऊ झाला की गरीवर राहत नाही म्हणून. गहू, मका, पाव सगळं तिथं मिळतं, बाबांना कणीक तिथंच मळू द्या. मक्याचा गोड डबा कुठल्याही किराणा दुकानात. गांडुळं दुकानात डबीत.

---

पुसदचा_भाऊ

फोटो टाकला हाय गुफेचा, मोबाईलचा हाय पण पाण्याचा रंग दिसते. बाबाले दाखवा.

---

पवनीचा_पोरगा

दाखवला. बराच वेळ पाहत होते, मग म्हणाले, एवढं पाणी अन् गाळ नाही.

घर मिळालं. सँ सिर्कपासून सहा किलोमीटर, मालकीणबाईंना ताईनं वर्धेच्या ताईंनी सांगितलेले सगळे प्रश्न विचारले, दारापासून काठापर्यंत गवताची सपाट वाट आहे, पायरी एकही नाही, काठावर अक्रोडाचं झाड आहे आणि त्याच्याखाली लाकडी बाक. बाक आहे म्हटल्यावर बाबांनी विचारलं, तोंड पूर्वेला आहे का पश्चिमेला, सकाळचं ऊन पाण्यावरून डोळ्यांत येईल का. ताईनं परत फोन करून विचारलं. उत्तरेला आहे.

कार्ड दोन काढतोय, बाबांचं सात दिवसांचं आणि ताईचं वर्षाचं. मोरपिसाची कांडं बाबांनी काल काढून ठेवली, नेणार नाही म्हणाले, पण घरामागच्या ज्वारीच्या कणसाच्या वाळक्या दांड्याचं एक नवीन बुच करायला घेतलंय, चाकूनं तासून, दोन्ही टोकांना दोरा गुंडाळून. बादलीतल्या पाण्यात टाकून बघतात, शिसं कमी-जास्त करतात, परत तासतात. ते नेता येईल ना, ब्रह्मपुरीकर काका?

---

ब्रह्मपुरीकर

सुकं, तासलेलं, माती नसलेलं आहे तर बहुतेक अडचण येऊ नये, पण झाडाच्या वस्तू नेण्याचे नियम असतात, म्हणून ताईला एकदा तिथल्या कस्टमचं पान बघायला सांगा आणि बॅगेत वरच ठेवा, विचारलं तर दाखवायचं. शंका आली तर तिथं काठाला बोरू मिळतो का बघा, बाबांना चाकू द्या, तासाभरात करतील. शिसं किती लावलं ते मात्र लिहून ठेवा, लोतच्या संथ पाण्याला वैनगंगेपेक्षा हलकं लागेल.